आधी वही, मग ब्रश: अतिवास्तववादी चित्रपद्धती घरी करून पाहताना

अतिवास्तववाद, म्हणजे स्वप्नाला आणि नेणिवेला वाट देणारी सर्रियलिझमची चळवळ, म्हटले की बहुतेकांना साल्व्हादोर दालीची वितळलेली घड्याळे आठवतात. शिकणाराही तिथूनच सुरुवात करतो. काहीतरी विचित्र कल्पना ठरवतो आणि ती सफाईने रंगवायला बसतो. अशा चित्रात धक्का असतो, पण तो एकदाच बसतो, कारण ब्रश उचलण्याआधीच सगळे ठरलेले असते. दालीचे ते चित्र १९३१ सालचे आहे, जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचे. तोवर चळवळीला सात वर्षे होऊन गेली होती आणि तिच्याकडे पद्धतींचा मोठा साठा जमला होता. त्यातली पहिली पद्धत चित्रकाराची नव्हतीच, ती लिहिणाऱ्याची होती. म्हणून पुढच्या कृती वहीपासून सुरू होतात. लिहिण्याचा टप्पा गाळून थेट रंगांकडे गेलात, तर पुढच्या पायऱ्या नुसत्या हस्तकलेच्या युक्त्या होऊन बसतात.

न थांबता लिहिणे

या चळवळीचा प्रणेता, कवी आंद्रे ब्रतों वैद्यकाचा विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात सँ-दिझिए इथल्या मनोरुग्णांच्या केंद्रात काम करताना मनोविश्लेषक फ्रॉइडची पद्धत त्याच्या ओळखीची झाली. या पद्धतीत रुग्णाने मनात येईल ते निवड न करता बोलत राहायचे असते. १९१९ मध्ये ब्रतों आणि कवी फिलिप सूपो यांनी तीच गोष्ट कागदावर करून पाहिली. काही दिवस ते तासन्‌तास लिहीत राहिले आणि प्रकरणागणिक लिहिण्याचा वेग मुद्दाम बदलत गेले. त्यातून १९२० मध्ये 'ले शाँ मान्येतिक' हे पुस्तक आले. १९२४ च्या जाहीरनाम्यात ब्रतोंने अतिवास्तववादाची व्याख्या दिली आणि सोबत लिहिण्याची कृतीही सांगितली. ती अशी: मन एकाग्र होईल अशा जागी बसा. विषय ठरवू नका. मागचे वाचण्याचा मोह होणार नाही इतक्या वेगाने लिहा.

मराठीत हे करताना काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. रेघा नसलेले दहा कागद आणि अडखळत न चालणारे बॉलपेन घ्या. शाईचे पेन मध्येच सुकले तर तंद्री तुटते. मोबाइल वापरू नका. पुढचा शब्द सुचवणारा कीबोर्ड तुमच्या मनातला शब्द खोडून सगळ्यांचा शब्द पुढे करतो, म्हणजे नेमके जे टाळायचे तेच करतो. शिरोरेघ देऊ नका. प्रत्येक शब्दावर रेघ ओढायला हात मागे जातो, आणि हाताबरोबर डोळाही मागे जाऊन लिहिलेले वाचू लागतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुकू द्या. पंधरा मिनिटांचा गजर लावा. सवय नसलेल्याची पहिली पाच मिनिटे कामाच्या यादीत आणि तक्रारीत जातात. ती जाऊ द्यावीत, खरे लेखन बहुतेक वेळा त्यानंतर सुरू होते.

हात अडला तर काय करायचे, हेही ब्रतोंने सांगून ठेवले आहे. एखादा शब्द जाणूनबुजून आणल्यासारखा वाटला किंवा प्रवाह थांबला, की एक ठरलेले अक्षर लिहायचे आणि पुढचा शब्द त्याच अक्षराने सुरू करायचा. त्याचे अक्षर होते 'ल'. मराठीत 'क', 'प' किंवा 'स' घ्यावे, कारण या अक्षरांनी सुरू होणारे शब्द भरपूर आहेत. 'ळ' किंवा 'ण' घेतलात तर कायमचे अडकाल, कारण त्यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही. अक्षर बसण्याआधी ठरवा आणि मध्ये बदलू नका. अडल्यावर अक्षर निवडायला लागलात, तर निवडणारे मन परत जागे होते.

लिहिलेले लगेच वाचू नका, एक दिवस जाऊ द्या. मग पेन्सिल घेऊन फक्त अशा जागांखाली रेघ मारा, जिथे दोन दूरच्या वस्तू शेजारी आल्या आहेत. इथे एक कसोटी कामाला येते. पिएर रव्हेर्दी या कवीने १९१८ मध्ये ती मांडली होती: जोडलेल्या दोन वास्तवांमधले नाते जितके दूरचे आणि जितके खरे, तितकी प्रतिमा ताकदवान. यातला दुसरा शब्द लोक विसरतात. नुसते दूरचे शोधणे सोपे आहे. 'हत्ती आणि पासवर्ड' लिहिले म्हणून काही घडत नाही. चळवळीने ज्याला पूर्वज मानले, त्या लोत्रेआमों या टोपणनावाच्या कवीने एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची गाठ घालून दिली. ती टिकली, कारण त्या तिन्ही वस्तूंत टोचणे, उघडणे आणि मिटणे आहे. मॅन रे या कलाकाराने १९२० मध्ये शिवणयंत्र घोंगडीत गुंडाळून सुतळीने बांधले आणि त्या वस्तूच्या शीर्षकात लोत्रेआमोंचेच खरे नाव घातले. एका ओळीची वस्तू कशी होते, हे त्या गाठोड्यात दिसते. पंधरा मिनिटांच्या लेखनातून अशा दोन-तीन जागा मिळाल्या तर पुष्कळ झाले. त्या वेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवून एका डब्यात ठेवा, पुढे लागणार आहेत.

घडीच्या कागदाचा खेळ

१९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये, ५४, र्‍यू द्यू शातो या घरात झाक प्रेव्हेर, इव्ह तांगी, मार्सेल द्युआमेल आणि त्यांची मित्रमंडळी हा खेळ खेळू लागली. प्रत्येकाने एक शब्द लिहायचा, कागद दुमडायचा आणि पुढच्याला द्यायचा. सुरुवातीच्या एका वाक्याचा अर्थ होता 'देखणे प्रेत नवी वारुणी पिईल', आणि खेळालाही त्या प्रेताचेच नाव पडले.

फ्रेंच क्रम मराठीत जसाच्या तसा आणला की खेळ पहिल्याच फेरीत मोडतो. आपले क्रियापद शेवटी येते, विशेषण नामाच्या आधी येते, आणि लिंग सगळीकडे आपली खूण उमटवते. एकाने 'काळी' लिहिले आणि पुढच्याने 'घोडा', तर वाक्य विचित्र न होता नुसते अशुद्ध होते. वाचणारा व्याकरणाला हसतो आणि प्रतिमा हातातून जाते. या खेळाचा सगळा जोर यावर आहे की व्याकरण निर्दोष असावे आणि अर्थ अनपेक्षित. म्हणून मराठीसाठी पाच जागा अशा ठरवाव्यात.

पहिला गडी विशेषण लिहील, पण न बदलणारे: लाल, उदास, गरम, गोड, मऊ, जुनाट. 'आ'कारान्त विशेषण घ्यायचे नाही. दुसरा गडी एकवचनी नाम लिहील, तो कर्ता. तिसरा पुन्हा न बदलणारे विशेषण. चौथा नाम लिहील, पण 'ला' लावूनच: जिन्याला, पावसाला, आरशाला. सामान्यरूप करायचे काम त्याचे त्यानेच केले की पुढच्यावर ओझे पडत नाही. पाचवा सकर्मक क्रियापद लिहील, तेही भविष्यकाळी एकवचनी: शिवेल, वाचवेल, विसरेल, उसवेल. भविष्यकाळ घ्यायचे कारण असे, की 'तो विसरेल, ती विसरेल, ते विसरेल' यात रूप बदलत नाही. कर्त्याचे लिंग माहीत नसतानाही क्रियापद चुकत नाही. मूळ फ्रेंच वाक्यही भविष्यकाळातच होते, हा एक छान योगायोग.

या साच्यातून 'उदास पंखा गोड जिन्याला उसवेल' असे काहीतरी निघते. पाच जणांना वीस फेऱ्यांना साधारण अर्धा तास लागतो. वीसांतली पंधरा वाक्ये टाकून द्यायची असतात. गडी चलाख व्हायला लागले, प्रत्येक जण मुद्दाम 'ब्रह्मांड', 'मृत्यू', 'शून्य' असे भारदस्त शब्द लिहू लागला, की खेळ बिघडला समजा. तेव्हा दोन फेऱ्या फक्त स्वयंपाकघरातल्या आणि पायऱ्यांवरच्या वस्तूंची नामे वापरून खेळा. साधी नामे आली की वाक्ये पुन्हा जिवंत होतात.

चित्राचा खेळही असाच चालतो. ए-थ्री कागदाला आडव्या तीन घड्या घालून चार पट्टे करा: डोके, धड, कंबर, पाय. सगळ्यांनी एकाच जाडीचे काळे पेन वापरावे, नाहीतर जोड उघडे पडतात. पहिल्याने मानेच्या दोन रेषा घडीपलीकडे अर्धा सेंटिमीटर आणून सोडायच्या आणि कागद दुमडून द्यायचा. पुढच्याला फक्त ती दोन टोके दिसली पाहिजेत. एक टोक आले तर आकृती तुटते, आणि चार-पाच आली तर वरचे काय आहे ते ओळखू येते. हातांचे काम कुणाचे, हे आधी सांगून ठेवा. न सांगितले तर दोघे काढतात किंवा कुणीच काढत नाही.

रंग थांबतो, ही अडचण

लिहिताना पेन मनाच्या मागे धावू शकते. ब्रशला मात्र दर काही सेकंदांनी रंगात बुडावे लागते. तेवढ्या वेळात मन चित्राकडे पाहते, मत बनवते आणि सुधारणा सुचवते. ही शंका चळवळीच्या आतूनच आली. तिच्या नियतकालिकाच्या एप्रिल १९२५ च्या अंकात पिएर नाव्हीलने अतिवास्तववादी चित्रकला नावाची गोष्टच नाही, असे लिहिले. जुलैच्या अंकापासून ब्रतोंने चित्रकलेची बाजू मांडायला घेतली. पुढचे सगळे तंत्र या वादाला दिलेले उत्तर आहे असे मला वाटते, आणि पहिले ठोस उत्तर त्याच उन्हाळ्यात मिळाले.

चित्रकार मॅक्स अर्न्स्टने स्वतः दिलेली तारीख १० ऑगस्ट १९२५ आहे. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्निक गावी एका खाणावळीत तो पावसात अडकला होता. घासून घासून खोल झालेल्या लाकडी फरशीच्या रेषांवर त्याची नजर खिळली. त्याने त्यावर कागद टाकले आणि काळ्या शिशाने घासले. उमटले त्यात त्याला भलतेच काही दिसू लागले. मग पाने, गोणपाट, दोरा, जे हाताशी येईल त्यावर त्याने तेच केले. १९२६ मध्ये यातली ३४ चित्रे छापली गेली. या तंत्राचे नाव फ्रोताज, म्हणजे घासणे. इथे हात थांबत नाही, आणि काय उमटेल हे हाताला माहीत नसते. चित्राला स्वतःचे न थांबणारे लेखन मिळाले ते असे.

साहित्य थोडेच लागते. कागद ६० ते ७० जीएसएमचा, पातळ घ्या. जाड ड्रॉइंग शीटमधून बारीक शिरा उमटत नाहीत आणि गुळगुळीत कागदावर शिसे घसरते. पेन्सिल ६बी किंवा ८बी, शिसे तीन सेंटिमीटर उघडे करून आडवे धरायचे. टोकाने घासले तर पोत न उमटता तुमचेच फटकारे उमटतात. पृष्ठभाग घरातच सापडतात: टाकी लावलेला पाटा, सुपाची वीण, किसणीची पाठ, वेताची खुर्ची, गोणपाट, जुन्या दाराची फळी, वाळलेले पिंपळपान उलटे ठेवून. कागदाच्या दोन कडा मास्किंग टेपने पक्क्या करा, कारण कागद अर्धा मिलिमीटर सरकला तरी रेषा दुहेरी होते. पहिली घासणी अगदी हलकी, एकाच दिशेने. दाब दुसऱ्या-तिसऱ्या घासणीत वाढवा. सुरुवातीलाच जोर दिला तर शिसे खड्ड्यांतही भरते आणि सगळे सपाट करडे होते. किसणीवर तर जोराने कागद फाटतोच, पण तिथे वरून दुसरा कागद ठेवून घासण्याची गरज नाही, हात हलका ठेवला की पुरे.

एका बैठकीत किमान बारा ठसे घ्या. सगळे जमिनीवर मांडा आणि प्रत्येक चारही बाजूंनी फिरवून पाहा. यातच सर्वाधिक चूक होते. पिंपळपानाचा ठसा पिंपळपानच राहिला, तर तो वनस्पतिशास्त्राचा नमुना झाला. अर्न्स्टच्या हातात लाकडाच्या रेषांचा समुद्र आणि पानांच्या शिरांची झाडे होतात, म्हणजे मूळ वस्तू आपली ओळख सोडते. त्यासाठी वेगळ्या कागदातून आकार कापून भोक पडलेला साचा करा. तो ठशाच्या कागदावर ठेवून आतच घासा, म्हणजे वेताची वीण एखाद्या पक्ष्याच्या कडेत बंद होते. दोन पोत एकत्र आणा, तीन नकोत. नंतर हाताने दहापेक्षा जास्त रेषा काढू नका आणि मळण्याच्या खोडरबराने थोडे उजळ करा. शेवटी फिक्सेटिव्ह, म्हणजे शिसे पुसू नये म्हणून मारायचा फवारा, ३० सेंटिमीटरवरून, दहा मिनिटांच्या अंतराने दोन पातळ हात, खिडकी उघडी ठेवून. केसांचा स्प्रे वापरू नका, काही महिन्यांत कागद पिवळा पडतो.

हेच कॅनव्हासवर करायचे तर आधी रंगाचा थर द्यायचा, कॅनव्हास खडबडीत वस्तूवर ठेवायचा आणि पॅलेट नाइफने वरचा ओला रंग खरवडून काढायचा. १९२७ च्या आसपासची अर्न्स्टची जंगले अशी झाली.

दाबून उचललेला रंग

१९३६ मध्ये ब्रतोंने चित्रकार ओस्कार दोमिंगेझची कृती छापली. चकचकीत पांढऱ्या कागदावर रुंद ब्रशने काळा गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, कुठे घट्ट, कुठे पातळ पसरायचा. लगेच तसाच दुसरा कागद त्यावर ठेवायचा, हाताने बेताने दाबायचा आणि एका कडेपासून हळू उचलायचा. रंग सुकत येईपर्यंत हे पुन्हा करता येते. उमटतात ती प्रवाळे, गुहा, शेवाळलेले कडे. कारण सोपे आहे: कागद विलग होताना मध्ये हवा शिरते, आणि पातळ हवा घट्ट रंगाला ढकलताना सरळ पुढे न जाता फाटे फोडत जाते. म्हणून रंगाचा घट्टपणा हीच सगळी किल्ली. ए-फाइव्ह आकाराच्या आर्ट पेपरला एक चमचा पोस्टर कलर आणि अर्धा चमचा पाणी पुरते. मिश्रण फेटलेल्या दह्याइतके दाट असावे. ताकासारखे झाले तर फाटे न फुटता डबके होते. साधा कागद रंग पितो आणि काही फुटतच नाही. झटका देऊन उचलले तर आडव्या पट्ट्या पडतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रंग लावल्यापासून अर्ध्या मिनिटात दाबा, पावसाळ्यात थोडी सवड मिळते.

इथेही पाहण्याचे काम उरतेच. अर्न्स्टने हे तंत्र तैलरंगात नेले. युद्धकाळात, १९४० ते १९४२, रंगवलेल्या 'पावसानंतरचे युरोप'च्या दुसऱ्या आवृत्तीत आधी हे कुजके कडे उमटवले, मग निळे स्वच्छ आकाश रंगवून त्यांच्या कडा कापून काढल्या. घरी करताना तेच करा. ठसा पूर्ण वाळला की अपारदर्शक रंगाने फक्त आकाश भरा. त्याच वेळी ठशाचा कडा होतो.

कात्री आणि गोष्ट

कोलाजमध्ये साहित्य आणि चित्र सर्वात जवळ येतात. अर्न्स्टने एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त कादंबऱ्या, विज्ञान मासिके आणि मालाच्या याद्या यांतली लाकडी ठशांची चित्रे कापून अखंड चित्रकादंबऱ्या रचल्या. १९२९ च्या पहिलीत चित्रांखाली ओळी आहेत. १९३४ च्या 'युन समेन द बाँते'मध्ये १८२ चित्रे आठवड्याच्या वारांनी चालतात आणि मजकूर जवळपास नाहीच. त्याचे जोड दिसत नाहीत याची दोन कारणे. सगळी चित्रे एकाच जातीच्या रेषेची होती, आणि कोलाजची प्लेट करून छापल्यावर कागदाची कड नाहीशी झाली.

तुमच्याकडे रंगीत मासिक, जुनी पाठ्यपुस्तके, दिवाळी अंकांतल्या जाहिराती असे मिश्रण असेल, तर आधी सगळ्यांची काळी-पांढरी झेरॉक्स काढून टोन एक करा. कापा ती झेरॉक्स, मूळ अंक नको. एक पूर्ण प्रसंग पाया म्हणून ठेवा: दिवाणखाना, दवाखाना, रेल्वेचा डबा. त्यात एकच गोष्ट बदला. नवशिक्या पंधरा तुकडे चिकटवतो, मग कुठलीच गोष्ट परकी वाटत नाही. तुकडा आकृतीच्या बाह्यरेषेवरून कापा आणि उजेड कुठून येतो ते पायाशी जुळवा. उजेड चुकला की डोळ्याला आधी कात्रीच दिसते. कापलेली पांढरी कड पेन्सिलीने काळी करा. गोंदाची कांडी चांगली. पांढरा पातळ गोंद कागद फुगवतो आणि सुरकुत्या कायम राहतात. चिकटवल्यावर जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा झेरॉक्स काढा. शेवटचे चित्र ही दुसरी झेरॉक्स.

आता डब्यातल्या चिठ्ठ्या काढा. चित्र पाहून ओळ लिहायची नाही. न पाहता एक चिठ्ठी उचलून खाली ठेवा. जमली नाही तर दुसरी. पाच चिठ्ठ्यांत जमले नाही, तर दोष बहुधा चित्रात आहे: त्याने सगळे आधीच सांगून टाकले आहे. चित्रकार अर्न्स्ट आणि कवी पॉल एल्युआर १९२२ मध्ये दोन पुस्तकांत असे शेजारी उभे राहिले, एकमेकांचे स्पष्टीकरण न होता.

शब्द आणि चित्र अशा दोन्ही हातांनी काम करणारा मराठी कवी पाहायचा तर अरुण कोलटकर. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शन केलेले. त्यांच्या सुरुवातीच्या मराठी कवितांमध्ये अतिवास्तववादी प्रतिमांची वीण घट्ट आहे. वर सांगितलेली रव्हेर्दीची कसोटी हाताशी ठेवून त्या वाचाव्यात, अभ्यास चांगला होतो.

वस्तूचे नाव

चित्रकार रने मॅग्रितने डिसेंबर १९२९ मध्ये शब्द आणि प्रतिमांवर अठरा छोटी रेखाटने छापली. वस्तू आपल्या नावाला इतकी चिकटलेली नसते, की तिला दुसरे शोभणारे नाव मिळणार नाही, हा त्यातला एक मुद्दा. त्याच्या १९२७ च्या एका चित्रात चार चौकटी आहेत. पिशवीखाली लिहिले आहे 'आकाश', चाकूखाली 'पक्षी', पानाखाली 'टेबल', आणि स्पंजाखाली 'स्पंज'. चौथे बरोबर आहे, म्हणूनच पहिली तीन नुसती चूक म्हणून सोडून देता येत नाहीत.

आपल्याकडे याला तयार साचा आहे: अंकलिपी. 'क' कमळाचा, 'ग' गवताचा, अशा चौकटी डोळ्यांत बसलेल्या आहेत. ए-फोर कागदावर चार समान चौकटी आखा. प्रत्येकीत एक वस्तू सरळ, शाळेच्या तक्त्यासारखी काढा, छाया कमीत कमी. खाली नाव शिरोरेघेसह, शाळकरी वळणात लिहा. कलात्मक अक्षर नको, कारण तक्त्यावरचा आपला विश्वास त्या साध्या वळणावर बसलेला असतो. तीन नावे घडीच्या खेळातल्या नामांतून घ्या. वस्तू आणि नाव एकाच घरातले नसावे: छत्रीखाली 'पाऊस' लिहिले तर ते कोडे होते. चौथे नाव खरे ठेवा, आणि ते शेवटच्या चौकटीतच ठेवा. पहिल्या चौकटीत ठेवले तर वाचणारा पुढच्या तीन चुका मोजत बसतो.

चित्रांना शीर्षक देतानाही चित्रात दिसणारी वस्तू शीर्षकात आणू नका. मॅग्रितची शीर्षके त्याच्या लेखक-कवी मित्रांच्या बैठकांत, चित्र पुरे झाल्यावर सुचवली जात. तुमची चित्रे भिंतीला टेकवून ठेवा, डब्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या सोबत्यांना वाटा, आणि ज्याने चित्र केले त्याला त्या वेळी बोलू देऊ नका.